लिंबाची पैज

“म्हाताऱ्यासमोर लिंबू चोखून दाखवशील? तेही ऐन वाजवताना?”

एमिलचा दोस्त बडनं डोळा मारला. पैज त्याच्या नव्याकोऱ्या टोपीची. आणि एमिल, न्यू ऑर्लिन्समध्ये स्वतःला सगळ्यात शहाणा समजणारा एकोणीस वर्षांचा गडी, हो म्हणून बसला.

म्हातारा म्हणजे ऑक्टाव, बँडवाले त्यांना मानानं प्रोफेसर म्हणायचे. जॅझ अजून नवं होतं, पण प्रोफेसर चाळीस वर्षं बँडच्या पुढं ट्रम्पेट वाजवत चालत आलेले. एमिलला पहिली फुंकर त्यांनीच शिकवलेली.

त्या गावात मयतीलाही बँड असतो. त्या दिवशी मयत होती त्यांच्या जुन्या दोस्ताची, ढोलवाल्या सिप्रियनची. एमिल गर्दीतून पुढं झाला, लिंबू कापलं आणि मचामचा चोखलं.

ते बघून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटतं. आणि तोंडात पाणी आलं की ट्रम्पेटचं काम तमाम. प्रोफेसरांचा सूर फाटला. शवपेटीमागून चालणारी सिप्रियनची बायको दचकून थांबली.

लोक म्हणाले, म्हातारा थकला.

लिंबू कुणाच्या हातात होतं ते प्रोफेसरांनी बघितलं की नाही, एमिलला काही कळलं नाही.

रविवारी बँडवाल्यांनी ठरवून टाकलं, पुढची जागा आता एमिलची. ती जागा मिळाली की नाव झालंच. त्याला तर नुसती गंमत करायची होती. डोक्यावरची बडची टोपी आता टोचायला लागली.

प्रोफेसर पुढं आले. बाहीनं स्वतःच्या ट्रम्पेटचं तोंड पुसलं आणि तो एमिलच्या हातात दिला.

“सिप्रियनसाठी वाजवत होतो, तेच वाजव.”

एमिलनं ट्रम्पेट ओठांना लावला... आणि तोंडात पाणीच पाणी. समोर लिंबू नव्हतं. कुणी काही खातही नव्हतं.

फुर्रर्र.

मागं कुणीतरी हसलं. त्यानं आवंढा गिळला, परत फुंकलं. परत तेच.

“काय झालं?”

“काही नाही, प्रोफेसर...”

“मग वाजव.”

एमिलनं टोपी काढली. खाली बघूनच बोलला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“प्रोफेसर थकलेले नाहीत. मी त्यांच्यासमोर लिंबू चोखलं. या टोपीपायी... मीच.”

एमिलची जीभ टाळ्याला चिकटली. त्यानं ट्रम्पेट पुढं केला.

प्रोफेसरांनी घेतला नाही.

“आता तोंड कोरडं झालं असेल,” ते म्हणाले. “वाजव.”