आबाशेटच्या भोकं पाडलेल्या डिस्क

“निळी गाडी पांढरीपेक्षा लवकर थांबवून दाखव! नाहीतर उद्यापासून नवऱ्याला घेऊन घरी बस!” आबाशेट गरजले, आणि चिरेखाणीवरची सगळी माणसं हातातलं काम टाकून वैजयंतीकडे बघायला लागली.

झालं होतं असं. आबाशेटच्या खाणीतून तांबडे चिरे भरून दोन पिकअप रोज घाटी उतरायच्या, एक पांढरी, एक निळी. कंपनीनं गाडी बनवली चाळीसेक चिऱ्यांसाठी, शेट भरायला लावायचे नव्वद! उतारावर ब्रेक असे तापायचे की चाकांतून धूर निघायचा. गेल्या आठवड्यात निळी थांबता थांबेना. लवूनं ती कशीबशी बांधाला घासून उभी केली, आणि दोन दिवस बिचारा धड जेवला नाही. लवू म्हणजे वैजयंतीचा नवरा. ती स्वतः खाणीवर गाड्या भरायची. रोज तो घाटी उतरायला लागला की ही हातातला चिरा खाली ठेवून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची.

आता गाडी का थांबत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण आबाशेटच्या खाणीवर ‘वजन’ हा शब्द काढायची सोय नव्हती! आधीच्या ड्रायव्हरनं काढला, तो त्याच दिवशी डबा घेऊन घरी गेला. तेव्हापासून गाडी ‘जरा दमायची’, माल ‘जरा भरगच्च’ असायचा. वजन म्हणून काही त्या खाणीत उरलंच नव्हतं.

अशात शहरातून काळा चष्मा लावलेला एक विक्रेता उगवला.

“शेट, तुमच्या गाड्यांच्या ब्रेकच्या डिस्क म्हणजे भाकरीचे तवे हो! ह्या बघा. भोकं पाडलेल्या, खाचा मारलेल्या! शर्यतीच्या गाड्यांना असतात. भोकांतून वारा खेळतो, ब्रेक थंडगार!”

शर्यतीचं नाव ऐकून शेटची छाती फुगली. पांढरीला डिस्क लगेच बसल्या. निळीलाही घ्यायचं चाललं होतं, तेवढ्यात वैजयंती बोलून गेली, “शेट, निळीला जुन्याच पुरतील की!”

“तुला गं काय कळतं ब्रेकमधलं?”

“ब्रेकमधलं नाही कळत. पण ते चिरे रोज मी उचलते.”

झालं! शेटचं डोकं फिरलं आणि त्यांनी तो हुकूम सोडला. वर अट घातली, “निळीत नवं काही घालायचं नाही! डिस्क नाही, पॅड नाही, एक वायसरसुद्धा नाही!”

“आणि तरी थांबली तर?”

“तर मागशील ते देईन!”

“नवं काही घालायचं नाही, एवढीच अट ना? ऐकलंत ना रे सगळ्यांनी?” वैजयंतीनं पदर खोचला.

लवूची तर पाचावर धारण बसली. “अगं बाई, वेड लागलंय का तुला? नोकरी घालवतेस!”

“तुम्ही नेहमीसारखी चालवा हो. बाकीचं माझ्यावर सोडा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गाड्या भरून, ताडपत्री बांधून तयार. शेट पांढरेशुभ्र कपडे घालून आलेले, तरी निळीच्या खाली सरपटत गेले! चाकं बघितली, नळ्या चाचपल्या, वायसरं मोजली. सगळं जुनंच. बाहेर येऊन धूळ झटकत म्हणाले, “चला! पांढरीत मी बसतो. काय हो, तुम्ही येताय ना?”

विक्रेत्यानं चष्मा पुसला. “मी… मी इथूनच बघतो. मला वळणावर मळमळतं.”

ठरलं असं, की उताराच्या तळाशी पाटी आली की ब्रेक दाबायचा, आणि पुढच्या चुन्याच्या रेघेआत गाडी उभी करायची. खाणीवरची माणसं आधीच तळाशी जाऊन उभी राहिली, आणि पांढरी निघाली. पाटी आली, ब्रेक दाबला. चुन्याची रेघ गेली! पिंपळ गेला! “अरे थांबव! मेल्या, थांबव!” असं ओरडत आबाशेटही गेले, आणि गाडी थेट शेणखताच्या ढिगात घुसून उभी राहिली.

मग निळी आली, लवूशेजारी वैजयंती बसलेली. त्याच वेगानं. लवूनं पाटीशी ब्रेक दाबला आणि गाडी रेघेच्या दोन हात अलीकडे गपकन थांबली!

ढिगातून वाट काढत शेणानं माखलेले शेट धावत आले. “लबाडी आहे ही! सोडा ती ताडपत्री!” ताडपत्री सुटली. बघतात तर काय! चारी कडांना चिऱ्यांची सुबक भिंत, आणि मधे सगळं पोकळ! जेमतेम चाळीस चिरे.

“नवं काही घातलं नाही हां, शेट,” वैजयंती म्हणाली. “काढायचं नाही, असं तुम्ही म्हणाला नव्हतात!”

“म्हणून काय झालं? ही थांबली ती वजन कमी म्हणून! वजन!”

 खाणीवरची माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. शेटनी स्वतःच तो शब्द काढला होता!

“मग डिस्क काय कामाच्या हो?” शेटनी वर खाणीकडे बघत विक्रेत्याला हाक मारली, पण तो केव्हाच पसार झाला होता.

“डिस्क वाईट नाहीत, शेट,” वैजयंती म्हणाली. “पण कंपनीच्या मापानं भरलेल्या गाडीला त्या लागत नाहीत, आणि तुमच्या मापानं भरलेल्या गाडीला त्या पुरत नाहीत!”

शेटनी तिच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या कपड्यांकडे बघितलं, आणि शेणासकट खो खो हसत सुटले. “जिंकलीस गं! माग!”

“खाणीवर ‘वजन’ म्हणायची परवानगी द्या!”

शेटनी ती दिलीच, वर तिला मुकादम केलं. तिनं दोन्ही गाड्यांना आतून लाल रेघ मारली. त्या रेघेवर एक चिरा जायचा नाही. लवू दोन वेळा पोटभर जेवायला लागला.

पुढच्या सोमवारी निळी बरोबर लाल रेघेपर्यंत भरून तयार होती. शेटना बाजारात जायचं होतं. दार उघडून आपला भरभक्कम देह सावरत ते पाय वर टाकतात तोच मुकादमीणबाईंचा आवाज आला.

“थांबा शेट! आधी तीन चिरे उतरवते!”

आणि आबाशेट तिथेच पायरीवर बसून पोट धरून हसायला लागले.