मानाची चॅनेलं आणि हौसा

काटेगडच्या राज्यात एक साधा प्रश्न विचारायचा, तर एकशे चाळीस दारं ठोठावावी लागत होती!

झालं होतं असं. राजे रणधवल यांच्या पदरी ‘उलगडा’ नावाचं सॉफ्टवेअर होतं. जुने मोडी कागद वाचून ते देवनागरीत उतरवून द्यायचं. ज्याला हवं त्यानं फुकट वापरावं, आतून उघडून पाहावं, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं, असा खुला कारभार! गावोगावची माणसं त्यावर हौसेनं खपत आणि मोबाईलवरच्या चॅटच्या चावडीत एकमेकांशी बोलत. चावडीत विषयवार सात चॅनेलं होती. बिचारी गुण्यागोविंदानं नांदत होती.

पण महाराजांना मान वाटायची भारी खोड. दरबारात कुणाचाही वाढदिवस आला की ते खूश होऊन त्याला त्याच्या नावाचं चॅनेल बहाल करू लागले. दिवाणजींना दोन मिळाली. सेनापती रुसले, म्हणून त्यांना तीन. राजवैद्यांच्या मेहुण्यालासुद्धा एक! होता होता चॅनेलं झाली एकशे चाळीस. त्या चॅनेलांत कुणी कामाचा शब्द लिहीत नसे, पाटी तेवढी झळकत असे.

नवा माणूस यायचा आणि विचारायचा, “अहो, ‘उलगडा’ माझ्या कॉम्प्युटरवर चढेना, काय करू?”

“इथे नाही, शेजारी विचारा!” चॅनेलाचा मानकरी सांगायचा.

शेजारी गेला की, “इथे नाही, मागच्या आळीत!”

तिसऱ्या दिवशी तो कपाळाला हात लावून निघून जाई. जुनेजाणते कारागीरही कंटाळून चावडी सोडू लागले, तेव्हा कुठे महाराज जागे झाले. त्यांनी चावडीची शिस्त सांभाळणाऱ्या भिवा चोपदाराला बोलावलं.

“भिवा, आठव्या दिवशी दिवस मावळताना चावडीत सातच चॅनेलं दिसली पाहिजेत!”

“जी महाराज, आत्ता बंद करतो.”

“खबरदार! आम्ही दिलेला मान तू कोण काढून घेणार? एकही चॅनेल तू बंद करायचं नाहीस. आणि एकाही मानकऱ्याची तक्रार आमच्या कानी येता कामा नये. जमलं तर उत्तम. नाहीतर चोपदारी सोड आणि चोपदारीचं घरही!”

भिवा घरी आला तो भिंतीला टेकून बसला. त्याची लेक हौसा आठवडी बाजारात भाजी विकायची. ताट तसंच पाहून ती म्हणाली, “आबा, भाकरी निवली की!”

“घरच जायला निघालंय पोरी, भाकरीचं काय घेऊन बसलीस?” म्हणत भिवानं सगळं सांगितलं.

हौसा हसली. “आमच्या बाजारात मोक्याची जागा सगळ्यांस्नीच पायजे असती. पर जो जागा धरंल त्यानंच ती झाडायची, असा नेम हाय. म्हणून तर कुणी दोन जागा धरत न्हाई! तुम्ही जेवा. मी जाते महाराजांकडं.”

दरबारात तिनं एकाच हुकमावर शिक्का मागितला. ज्याचं चॅनेल, त्यानं तिथे आलेल्या प्रश्नाला दिवस मावळायच्या आत स्वतः उत्तर द्यावं. चुकला तर त्याचं नाव चावडीच्या दर्शनी फळ्यावर!

“वा! मानकऱ्याला लोक प्रश्न विचारणार, म्हणजे मान वाढलाच की!” महाराजांनी ठप्पकन शिक्का मारला.

हौसानं लगेच चावडीच्या दाराशी लिहिलं : ‘पाव्हणं, वणवण करू नका. दिसंल त्या चॅनेलात विचारा. मालक जातीनं उत्तर देतील!’

मग काय विचारता! दिवाणजींची अंघोळ व्हायच्या आत एकतीस प्रश्न येऊन पडले. सेनापतींना कुणी विचारलं, “जोडाक्षर आलं की ‘उलगडा’ बंद का पडतो?”

सेनापती गरजले, “तलवार उपसू का?”

“उपसा की! पण तिनं तो चालू होईल का, साहेब?”

राजवैद्यांचा मेहुणा आजाराचं सोंग घेऊन पांघरुणात शिरला, पण मोबाईल उशाशीच कोकलत होता!

तिसऱ्या दिवशी मानकऱ्यांची रांग हौसाच्या दुकानापुढे. “पोरी, एवढं चॅनेल काढून घे गं!”

“म्या कशी घेऊ? बंद करायचं न्हाई, असा हुकूम हाय. तुमचं तुम्ही बंद करा. पर महाराजांकडं तक्रार न्याल त्याचं काय?”

“तक्रार? अगं, सुटलो म्हणून पेढे वाटू!”

तिनं प्रत्येकाकडून ‘राजीखुशीनं सोडलं’ असं लिहून घेतलं आणि भेंडी तोलायला लागली. जिथे कारागीर आधीपासूनच रोज उत्तरं देत होते, त्या चॅनेलांना मात्र या नेमाचा काहीच जाच झाला नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी दरबार भरला. महाराजांनी मोबाईल हातात घेऊन मोजायला सुरुवात केली. “पाच... सहा... सात... आठ! हरलीस पोरी! आठ आहेत!”

भिवानं चोपदारीची काठी खाली ठेवली. हौसा मात्र जागची हलली नाही.

“आठवं कुणाचं हाय, महाराज?”

“आमचं!”

“मग सकाळधरनं त्यात बावन्न प्रश्न पडल्यात. पयला वाचू? ‘पणजोबांच्या पत्रावर तेल सांडलंय. ‘उलगडा’ प्रत्येक डागाला अनुस्वार समजतो. उपाय सांगा.’”

महाराजांनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी छताकडे पाहू लागले.

“दिवस मावळायला अर्धी घटका उरलीया,” हौसा म्हणाली. “फळा पुसून ठेवलाय. महाराजांचं नाव मोठ्या अक्षरात लिवू का बारीक?”

महाराजांच्या मिशा थरथरल्या. मग गाल थरथरले, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की मुकुट सावरेना. डोळे पुसत त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं स्वतःचं चॅनेल बंद केलं.

“झाली सात! आणि आमची कसलीही तक्रार नाही! दिवाणजी, घर भिवाच्या नावावर करा. हौसाला सोन्याचे तोडे द्या, आजपासून चावडीची कारभारीण हीच! शिवाय पोरी, तुझ्या नावाचं एक खास चॅने—”

“महाराज!” हौसा ओरडली. “तोडे परत घ्या, पर तेवढं देऊ नगा!”