साळिंदराचा कौल

फार मागे एका रानातलं तळं आटलं. हरणांचा कळप तिथेच बसून राहिला. "चालून तरी कुठे जायचं?" म्हणत कोणी उठेना.

शेजारच्या म्हाताऱ्या साळिंदराला ते बघवेना. आपले तीन काटे जमिनीवर टाकून तो म्हणाला, "डोंगरापलीकडे पाणी आहे. तुमचे ग्रह तिकडेच अनुकूल आहेत."

कळप उठला. चढणीवर एक पाडस दगावलं. पलीकडे पाणी नव्हतंच, पण माथ्यावरून दूर एक नदी दिसली आणि बाकीचे वाचले.

पावसाळ्यात कळप परतला. पाडसाच्या आईने साळिंदराला गाठलं. "तुम्हाला खरंच काही दिसलं होतं का?"

"नाही बाई. काटे कसेही पडतात. तुम्ही उठावं, एवढंच मला हवं होतं."

"आणि माझं पाडस?"

त्यानंतर साळिंदराने काटे टाकणं सोडलं.

पुढच्या उन्हाळ्यात तळं पुन्हा आटलं. नदीची वाट आता सगळ्यांना ठाऊक होती, तरी कळप साळिंदराच्या बिळापुढे जाऊन बसला.

"नदीकडे जा रे," तो विनवत राहिला.

"आधी काटे टाका," हरणं म्हणाली.

तेव्हा पाडसाची आई एकटीच उठून चालू लागली. तिच्यामागे कोणी गेलं नाही.