चिंधीचा ठोंब

“हा मेलाय का, बुवा?”

केसरबाईने दुसऱ्यांदा विचारलं. मैराळबुवा नुसते ठोंबाकडे बघत राहिले.

भर दुपार होती. सावली पायाखाली गेलेली. मठामागे जुन्या नदीची वाळू लांबवर पसरलेली, आणि त्या वाळूत गवताचे ठोंब. चौथं कोरडं साल चाललं होतं. ठोंब सगळे करडे पडलेले, बोट लावलं तर पात्याचा भुगा व्हायचा.

प्रत्येक ठोंबाला एक चिंधी बांधलेली होती.

तिकडची रीतच तशी. दुष्काळात गाव सोडून जगायला जाणारा माणूस आधी मठात येतो. अंगावरच्या कपड्याची चिंधी फाडून एका ठोंबाला बांधतो आणि मागे न बघता वाटेला लागतो. तीन वर्षं त्याची काही खबर आली नाही, तर घरचे तो ठोंब उपटतात, त्याच गवताचा पुतळा करतात आणि माणसाच्या नावाने जाळतात. मग सुतक, मग तेरावं, मग बायकोचं कपाळ पुसायचं.

अट एकच. ठोंब मेलेला पाहिजे. जिवंत ठोंब जाळला, तर आपण काय जाळलं ते जाळणाऱ्याने आपलं आपण बघावं.

आणि मेलाय की नाही, हे बुवांनी सांगायचं.

केसरबाईच्या नवऱ्याची चिंधी निळ्या रेघांची होती. मठाच्या फाटकाशी तिचा दीर उभा होता, तुळजीराम. शेजारी भटजी, आणि बैलगाडीत सरपण. दीर काही वाईट माणूस नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू. भाऊ धड मेलेला नाही, धड जिवंत नाही, अशात घर किती दिवस चालवायचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

“तुला काय वाटतं, बाई?” बुवांनी विचारलं.

“माझं वाटणं कोण विचारतंय...”

“मी विचारतोय.”

तिने पदर तोंडाशी धरला.

“तीन वर्षं झाली, रोज दोन माणसांचं पीठ मळते. थकले हो मी. मेलाय म्हणा. एकदाची रडून मोकळी होईन.”

“यात विचारायचं काय एवढं? मेलाच आहे.”

हा रेवण. बुवांचा शिष्य. मठात यायच्या आधी दोन वर्षं शेतकी शाळेत शिकलेला, आणि ती दोन वर्षं त्याच्या डोक्यातून अजून उतरलेली नव्हती. हे सगळं पुढे त्यानेच मला सांगितलं, म्हणून त्याची अब्रू मी फार झाकत नाही.

“कशावरून?” बुवा म्हणाले.

रेवणने एक पातं मोडून दाखवलं. “रस नाही. बुंधा काळा पडलाय.”

“हे वरचं झालं. खाली?”

“खालचं उपटल्याशिवाय कसं कळणार? उपटतो की. एका झटक्यात निकाल लागेल.”

त्याने ठोंबाला हात घातला. केसरबाईने डोळे मिटले.

“थांब,” बुवा म्हणाले. “आधी तुझा उपट.”

मठात येताना शिष्यही एक चिंधी बांधतो. तोही घर सोडूनच आलेला असतो ना.

रेवण तरातरा गेला. त्याचा ठोंब दोन बोटांत वर आला. मुळं कुजक्या सुतळीसारखी तुटली आणि हातात धूळ राहिली.

“बघा. हाही मेलाय. सगळेच मेलेत.”

“याआधी किती वेळा उपटलास?”

रेवण हातावरची धूळ झटकू लागला.

“किती वेळा?”

“दर अमावास्येला... जिवंत आहे का ते बघायला. बघून परत लावत होतो, बुवा.”

“होता?”

“काय?”

“जिवंत होता?”

“...पहिले चार महिने होता.”

एरवी बुवा अशा वेळी खो खो हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. त्यांनी रेवणला केसरबाईच्या ठोंबापाशी बसवलं.

“ओढू नकोस. बाजूने हात घाल. जाईल तिथवर.”

रेवणने हात घातला. मनगटापर्यंत चटके बसले. अर्ध्या हातापर्यंत कोमट लागलं. कोपर बुडालं तेव्हा गार.

मग बोटांना काहीतरी लागलं.

“काय आहे?”

“मुळं... जाड आहेत. नाही, मुळं बारीकच आहेत, वाळू चिकटलीय त्यांना. वाळूचा अंगरखा घातल्यासारखी. आतून ओली लागतायत.”

“अजून?”

“खाली चाललीयत. खूप खाली...” तो थांबला. “बुवा, हात निघत नाही.”

“मग राहू दे.”

त्याने हिसका दिला. हात आणखी वीतभर आत गेला.

“सोडा, बुवा.”

“मी कुठं धरलाय?”

बुवा चार पावलं लांब उभे होते.

वारा मुळीच नव्हता. आजूबाजूच्या साऱ्या चिंध्या लोंबत होत्या. निळ्या रेघांची तेवढी हलत होती.

रेवणचा खांदा वाळूला टेकला, मग कान टेकला. आणि त्याला ऐकू आलं. एक घोट. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक घोट. खाली कुणीतरी पुरवून पुरवून पाणी पीत होतं.

रेवण घाबरला. मला सांगतानाही त्याचा आवाज बसला होता. शाळेत शिकलेलं सगळं आठवून पाहिलं म्हणाला, त्यात हे कुठेच नव्हतं.

केसरबाई पुढे झाली. डोक्यावरून पदर घेतला आणि गुडघे टेकून वाळूवर वाकली.

“अहो...” ती म्हणाली. “सोडा त्याला. लहान आहे. चुकलं त्याचं.”

काही झालं नाही.

“मी आहे इथं,” ती म्हणाली. “सोडा.”

हात सुटला.

रेवण मागे कोलमडला. पाचही बोटांवर ओल्या वाळूचं कवच चढलं होतं, त्या मुळांवर होतं तसंच. तो ते खरवडत राहिला. निघेना.

गडबड ऐकून तुळजीराम आत आला. “झालं का, बुवा? मेलाय ना?”

“रेवणला विचार.”

तुळजीरामने रेवणकडे पाहिलं.  वरून बघितलं तर ठोंब तसाच होता, करडा, भुगा झालेला.

“नाही,” तो म्हणाला. “मेला नाही.”

तुळजीरामने ठोंब पाहिला, रेवणचा हात पाहिला. 

“वहिनी, या सावकाश,” म्हणाला आणि गाडीकडे गेला. भटजींनी काहीतरी विचारलं, त्याने नुसती मान हलवली. सरपण परत निघालं.

केसरबाई तिथेच बसून रडली. मोकळी होण्यासाठी जे रडायचं होतं ते हे नव्हे, हे तिला कळत होतं. आता पुन्हा वाट बघणं आलं. तरी तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटल्याची भीतीही वाटत होती.

“पाऊस झाला की फुटेल ना हा?” तिने डोळे पुसत विचारलं.

“पहिल्या पावसाला नाही. पहिल्याला फुटतात ते फसतात.”

“दुसऱ्याला?”

“दुसऱ्याला, तिसऱ्याला. पण या बुंध्यातून नाही. हा मधला असाच राहील. बाजूला हातभर लांब कुठंतरी एक कोंब वर येईल. चिंधी इथं, कोंब तिथं.”

“मग तो हाच, हे कसं ओळखायचं?”

बुवांनी चिंधीची गाठ घट्ट केली.

ती उठली. चार पावलं गेली आणि वळली.

“आणि हे... हे आले तर, बुवा?”

बुवा वाळूकडे बघत होते.

“कुणीतरी येईल. दारात उभं राहील... आत घे, बाई. नाव विचारू नकोस.”