ठकूमायचं गाडगं

घाटात चाकाची वाट झाली नव्हती, मीठ बैलांच्या पाठीवरून वर यायचं, तेव्हाची ही गोष्ट. घाटमाथ्यावरच्या कुसवडे गावात ठकूमाय नावाची सुईण होती. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं, असं म्हणतात. उरलेलं अर्धं तिच्या धाकानं जन्मलं, असंही म्हणतात.

ठकूमायची धुरी नामांकित होती. ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं ती निखाऱ्यावर टाकायची. तो धूर अंगावरून गेला की बाळंतीण सुस्कारा सोडायची आणि बाळाला जवळ ओढायची. ती धुरी कधी वाया गेली नव्हती. मग आवडी बाळंत झाली.

आवडी खाली समुद्रकाठच्या कोंडबंदरची. मिठाचे बैल हाकणाऱ्या येसाजीनं तिला लग्न करून वर आणलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण त्या वर्षी दरड कोसळली, घाट बंद झाला आणि पोर सासरीच अडकली. मुलगी झाली. आवडीनं तिच्याकडे पाहिलंही नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवण नाही, बोलणं नाही, पान्हा नाही. शेळीचं दूध बाळाला पचेना. बाळाचं रडणं दिवसेंदिवस बारीक होत गेलं.

ठकूमायनं धुरी दिली, पुन्हा दिली. घर धुरानं भरलं, सासू भिवराबाई खोकून बेजार झाली, आणि आवडीनं पदर नाकावर ओढला. गाव म्हणालं, बाहेरची बाधा आहे. ठकूमायला त्या पदराचा भयंकर राग आला, आणि रागातच तिला उमगलं. ही धुरी कुसवड्याची. इथल्या लेकींना त्यात आपली आई भेटते. या पोरीला त्यात कोण भेटणार?

“तुझ्या सुनेला बाधा नाही गं,” ती भिवराबाईला म्हणाली. “तिला घरचा वास आलेला नाही. मी जाऊन घेऊन येते.”

“वास आणायला चाललीस? मग येताना पदरात थोडा उजेडही बांधून आण,” भिवराबाई म्हणाली.

ठकूमाय निघाली. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला नाक लावून ती सरळ कडा उतरली. घोरपड जिथे घसरते तिथे तिचा पाय घसरला नाही, असं म्हणतात.

कोंडबंदरला आवडीच्या आईनं हकिगत ऐकली आणि हवं ते घेऊन जा म्हणाली. पण घराचा वास कुठला, हे तिला सांगता येईना. आम्हाला तर कसलाच येत नाही, म्हणाली. आपल्या घराचा वास आपल्याला येतो कुठे! तेव्हा ठकूमायच घरभर हुंगत फिरली. सुरंगीची फुलं हुंगली, वाळलेली आमसुलं हुंगली, चुलीची राख हुंगली. शेजारणी पदरात तोंड खुपसून हसत होत्या. पडवीच्या कोपऱ्यात एक जुनं जाळं पडलं होतं. सुक्या मासळीचा, खाऱ्या दोराचा, ओलसर वास. ठकूमाय तिथेच थांबली.

“ते सोडा हो, घाण आहे,” आई म्हणाली. “आवडी लहानपणी त्याच्यावरच झोपायची.”

जाळ्याचा तुकडा आणि मूठभर सुकट गाडग्यात गेली. गाडग्याचं तोंड चिखलानं लिंपलं.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. हल्ली लोक सांगतात, गाडग्यात केवडा होता. कोणी त्यात कस्तुरी घालतात. साफ खोटं आहे. गाडग्यात सुकट होती. ज्याला सुकटीची लाज वाटते त्यानं ही गोष्ट सांगू नये.

चढणीवर जकातीच्या शिपायानं ठकूमायला अडवलं आणि लिंपण टोकरून पाहिलं. शिपाई किनाऱ्यावरचाच होता. तो वास नाकात शिरला आणि एवढा मिशाळ गडी आईच्या नावानं रडायला लागला. मग त्यानंच ठकूमायला पाठीवर घेऊन दरड पार केली. डोक्यावरून त्या वासामागे समुद्रपक्ष्यांचा थवा निघाला. घाटमाथ्यानं त्याआधी समुद्रपक्षी कधी पाहिले नव्हते, असं म्हणतात.

दारात गाडगं पाहून सगळ्यांनी नाकं धरली. भिवराबाई आडवी आली. “माझ्या देवघराशेजारी हे?”

“नात हवी का नाक हवं?” ठकूमायनं विचारलं.

भिवराबाई बाजूला झाली. ठकूमायनं आवडीच्या उशाशी गाडगं फोडलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग भिंतीकडचं तोंड वळलं.

“आईनं जाळं वाळत घातलंय,” आवडी म्हणाली. “कावळे येतील. कोणी राखायला बसलंय का तिथे?”

आणि ती स्वतःच उठून बसली. बाळ रडलं, तिनं त्याला उचललं, आणि पान्हा आला. त्या दिवशी आटलेल्या गाईंनाही दूध फुटलं, असं म्हणतात. नाकावरचा हात सगळ्यांत आधी भिवराबाईनं काढला, हेही सांगतात.

आजही कुसवड्यात सून बाळंत झाली की धुरीच्या आधी तिच्या माहेरचं गाडगं येतं. त्याला ठकूमायचं गाडगं म्हणतात. कुणाच्या गाडग्यात गुऱ्हाळाची चिपाडं असतात, कुणाच्या तंबाखूची पानं. ते सासूनं स्वतः फोडायचं. नाक धरेल त्याला बारशाच्या पंगतीत पान वाढत नाहीत, मग तो सरपंच का असेना.

यंदा एका गॅरेजवाल्याची लेक बाळंत झाली. गाडग्यातून ऑइलचं काळंकुट्ट फडकं निघालं. सासूनं ते नव्या दुपट्याशेजारी ठेवलं. पोरीनं डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि भाकरी मागितली.