तानीच्या तीन पेंढ्या

डोंगराच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं, बाळांनो. गावाच्या टोकाला तानी आणि तिची आई राहायच्या. घर गवताचं, आणि परसात हातरुमालाएवढं भाताचं शेत.

गावाची एक रीत होती. कापणीला भाताची शेवटची मूठ कापायची नाही, शेतातच उभी सोडायची. का, ते कोणी सांगत नसे. नुसते हात जोडत. त्या वर्षी तानीच्या आईनं तीही मूठ कापली. "लेकराला वाटीभर पेज जास्त होईल," म्हणाली. विळा खाली ठेवला आणि तिला हुडहुडी भरली. आठ दिवस झाले, उतरेना. उन्हात बसवलं, काढा दिला, घरातली एकुलती गोधडी घातली. आई आपली थडथड कापतेच आहे!

अंगणात उरला होता तेवढा पेंढा. सोनपिवळ्या तीन पेंढ्या.

"जाळून टाक गं तो," शेजारची भागीकाकू म्हणाली. "गाय नाही, वासरू नाही, घालणार कुणाला, मला?" मग आवाज बारीक करून, "भर दुपारी तो श्वास घेतो. मी पाहिलंय."

तानीनं जाऊन पाहिलं. खरंच! वारा पडलेला, पान हलत नाही, आणि पेंढा हळूहळू फुगतोय, हळूहळू बसतोय. तिनं भीत भीत हात लावला. विहिरीच्या तळासारखा गार!

"माझं घर कापलंत गं," आतून कोणी म्हणालं.

काड्या सरसरल्या. बोटाएवढी परी! अंगात तुसांचा झगमग झगा, पाठीवर भाताच्या पात्यांचे पंख, डोळे दवाचे. पण डोळ्यांना पापण्या नाहीत, आणि एवढ्या उन्हात सावलीही नाही.

तानीनं हात जोडले. "चुकलो आम्ही, परीताई. माझ्या आईला बरं कर."

"काय हवं ते या पेंढ्यातून हातानं वळून माग," परी म्हणाली. "वळशील ते मी खरं करीन. रोज दुपारी एकच पेंढी सोडायची. आणि आधी दारात मागेल त्याला, मग आपल्याला."

तानीनं ठरवलं, आईला पेंढ्याची उबदार गादी करायची.

पहिल्या दुपारी भागीकाकूच दारात. "माझी कोंबडी दगडावर अंडी उबवतेय गं. दे ना पेंढा!" तानीनं सगळी पेंढी लावून गोल गोल घरटं वळून दिलं. संध्याकाळी सगळी पिल्लं एकदम बाहेर आली, जणू सोन्याचे गोंडे. पण एकही चिवचिवलं नाही. सगळी ओळीनं उभी राहून तानीच्या शेताकडे बघत राहिली.

दुसऱ्या दुपारी कुंभारकाकांची बैलगाडी. "पोरी, उतार खडबडीत आहे. मडक्यांमध्ये घालायला पेंढा देतेस?" तानीनं वेटोळी वळून मडक्यामडक्यात बसवली, तीही पेंढी संपली. गाडी धडधडत गेली, एक मडकं फुटलं नाही. मात्र सगळी रिकामी मडकी वाटभर गुणगुणत होती, "हूं... हूं..." कुंभारकाका मागे वळूनही न बघता बैल हाकत सुटले.

तिसऱ्या दिवशी आईची नखं निळी पडली. "आज कोणी येऊ नका रे देवा," म्हणत तानीनं शेवटची पेंढी सोडली.

उंबऱ्यावर परी उभी होती. झगा विझलेला, पंख चुरगळलेले.

"आज मागणारी मी. मला घर नाही, तानी. पण तुला सक्ती नाही. गादी वळलीस तरी मी रुसणार नाही."

तानीला रडूच फुटलं. दात वाजवत आईनं विचारलं, "कोण गं?" तानीनं सगळं सांगितलं.

"घर मी मोडलं तिचं. आधी तिला दे, बाळ."

"आणि तू गं?"

"मी थांबते."

तानी शेतात गेली. डोळे पुसत पुसत तिनं काड्या उभ्या रोवल्या, वर टोकं बांधली, इवलं दार ठेवलं. परी आत शिरली.

तोच घरातून पांढरं धुकं निघालं. सरपटत परसात येऊन, तानीच्या पायांना गारेगार चाटून, ते त्या खोपटात शिरलं. आता परी गोठणार! पण आतून खुदकन हसू आलं. "अगं, ही थंडी माझीच. घर हरवलं म्हणून तुझ्या आईच्या अंगात राहायला गेली होती."

काडीकाडीतून उजेड फुटला, पिवळा, केशरी, लख्ख पांढरा. तानीनं डोळे मिटले. उघडले, तर परी नव्हती.

ती धावत घरात आली. आई गोधडी दूर सारून बसली होती, कपाळावर घामाचे मोती. "तानी, भूक लागली गं! पेज टाक. मीठ जरा जास्त घाल हं."

देवा, ज्याच्या घरी कोणी गारठलं असेल, त्याला असाच घाम फुटू दे, अशीच भूक लागू दे.