भोयाचे गुडघे आणि वैद्याची गुटी

फार पूर्वी, माणसं अजून माणसांच्या खांद्यांवरून घाट चढत होती त्या काळी, एका डोंगराळ राज्यात एक भोई राहत होता. पालखीच्या पुढच्या दांडीला त्याचा खांदा असे. संध्याकाळी घाटाच्या वळणावरून भोयांचा 'हुं हुं' असा ठेका ऐकू आला, की त्याची बायको चुलीवर तवा ठेवी. पालखी उतरवून भोई दारात येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असे. वीस वर्षं हे असंच चाललं. सुख म्हणतात ते हेच, हे तिला तेव्हा कळलं नाही. कळतं कुणाला?

मग भोयाचे गुडघे धरले.

गावात एक वैद्य होता, दूर देशी शिकून आलेला. त्याने सांधेदुखीवर एक काळी गुटी शोधून काढली होती. ती घेऊन म्हातारे काठ्या टाकत. मागणी इतकी वाढली, की गुट्या टोपल्या भरभरून गावोगाव जाऊ लागल्या. भोयानेही घेतली. महिनाभरात गडी घाट हसत चढू लागला. सोबतचे भोई त्याला नवरदेव म्हणून चिडवू लागले.

चौथ्या महिन्यात घाटाच्या मध्यावर त्याच्या छातीत कळ आली. तो बसला तो बसलाच. जीव वाचला, पण अंगणातून आडापर्यंत जायचं तरी धाप लागे.

पुढे बाजारात विणकराची सून भोइणीला हळूच म्हणाली, की तिच्या सासऱ्याचंही गुटीनं वर्षभरापूर्वी असंच झालं होतं. तेव्हा वैद्याने त्यांच्या घरी भाताची पोती धाडली आणि गप्प राहायला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी वैद्य भोयाच्या दारात आला. मागे गाडीत पोती होती.

"वहिनी, वर्षभराचा भात आहे. फक्त चारचौघांत गुटीचं नाव नको."

घरात मूठभर पीठ उरलं होतं. भोइणीने पोत्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"शेजारणीचा नवरा आज गुटी आणायला निघालाय, वैद्यबुवा. त्याला मी काय सांगू?"

वैद्याने गाडी वळवली. पोती तशीच परत गेली, आणि भोईण न्याय मागायला राणीकडे गेली.

दरबारात वैद्याने आपली बाजू मांडली. शेकडो लोक गुटीनं चालू लागले होते; या एकाचं काळीज आधीच कच्चं असणार, त्याला औषध काय करणार?

राणीने भोइणीला विचारलं, "गुटीनं गुडघे बरे झाले की नाही?"

मागून कुणी तरी कुजबुजलं, नाही म्हण गं.

"बरे झाले, आईसाहेब. खोटं कशाला बोलू?"

लोक हसले. बाईनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. भोईण मात्र थांबली नाही.

"काळीज कच्चं होतं म्हणतात. असेल. पण कच्च्या काळजाला गुटी सोसत नाही, हे वैद्यबुवांना ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. ठाऊक असतं तर दुखरे गुडघे घेऊनच आम्ही दोघं म्हातारे झालो असतो."

आता कुणी हसलं नाही. विणकराची सून उठून उभी राहिली. तिच्यामागे आणखी दोन घरची माणसं उभी राहिली.

वैद्य दुष्ट नव्हता. तो खाली मान घालून म्हणाला, "सांगितलं असतं तर लोक घाबरले असते. गुटी कुणी घेतलीच नसती."

"घ्यायची की नाही," राणी म्हणाली, "ते ज्याचं काळीज त्यानं ठरवायचं होतं."

वैद्याने ती चारही घरं जन्मभर पोसावीत, असा निवाडा झाला. शिवाय दर बाजाराला दवंडी पिटली जाऊ लागली: गुटी गुडघ्यांना चांगली, पण ज्याची छाती धडधडते त्यानं तिला हात लावू नये. वैद्याला वाटलं, आता आपलं दार ओस पडणार. पण लोक आले. आधी नाडी दाखवू लागले. कुणाला गुटी मिळाली, कुणाला नुसतं चोळायचं तेल. घाटात मात्र त्यानंतर गुटीपायी कुणी छाती धरून बसलं नाही.

भोई पुन्हा पालखीच्या दांडीखाली गेला नाही. गेलेले दिवस परत आणील असा निवाडा कोणत्याही राणीला देता येत नाही.

तात्पर्य: औषधाचा गुण सांगणाऱ्याने त्याचा धोका लपवला, तर ते औषध राहत नाही.